तीन तोळ्यांचा जीव

अमळनेरच्या एका ताईंचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘ताई, दीड वर्षापूर्वी मुलाच्या हट्टापायी बाजारातून एक लव्हबर्ड आणला. हिरवा-पिवळा आहे, नाव मिठू. संक्रांतीपर्यंत दिवसभर चिवचिवाट असायचा. आता आठ-दहा दिवसांपासून गप्प आहे, अंग फुगवून कोपऱ्यात बसतो. शीसुद्धा पातळ वाटते. खातच नाही बहुतेक, वाटी भरलेलीच असते. नाकावरचा भाग तपकिरी आणि खरखरीत झालाय. शेजारच्या काकू म्हणतात, जोडीदार आणा आणि पिंजऱ्यात मडकं टांगा. दुकानदाराने पाण्यात टाकायला पिवळी पूड दिली आहे. सासूबाई म्हणतात, मुकं पाखरू कोंडून पाप कशाला घ्यायचं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सोडून द्या. मुलगा रडतो. एक ओळखीचे शेतातल्या ढोलीतलं राघूचं पिल्लू द्यायला तयार आहेत, ते बोलेल तरी. काय करू?’

ताई, तातडीचं तेवढं तुम्हाला वेगळं कळवलंच आहे. तरी इथेही लिहिते, कारण अशी पाखरं आता जळगाव-धुळ्यापासून लहान गावांपर्यंत घरोघरी आहेत आणि सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात.

पहिली गोष्ट, उशीर न करता डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. अशा उन्हात धडधाकट पाखरू पिसं अंगाला चापून ठेवतं, पंख अंगापासून जरा दूर धरतं आणि चोच उघडून धापा टाकतं. पिसं फुगवणं ही थंडीची सोय आहे, पिसांच्या आत ऊब धरून ठेवायची. एवढ्या उन्हाळ्यात ते दिवसभर फुगून बसलंय, म्हणजे अंगातली ऊब टिकवायचं बळही त्याच्यात उरलेलं नाही. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करा. तिथल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, त्यामुळे ‘पाखरं बघता का’ असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर जळगावात किंवा धुळ्यात पाखरं तपासणारं कोण आहे, हे त्यांनाच विचारा. ऊन चढायच्या आत, सकाळी लवकर निघा. भोकं पाडलेल्या खोक्यात तळाला फडकं अंथरून न्या. रात्री पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद घाला आणि सकाळी तो कागद घडी करून सोबत घ्या. चांगल्या शीत तीन गोष्टी वेगळ्या दिसतात: हिरवट-काळपट वळी, तिच्यावर पांढरं आणि भोवती थोडं पाणी. सगळं एकजीव, पातळ किंवा काळं झालं असेल तर डॉक्टरांना त्या कागदावरून तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त कळेल.

ती पिवळी पूड मात्र टाकू नका. आजार कोणता हे माहीत नसताना पाण्यात औषध टाकलं की पाखरू ते किती प्यायलं याचा हिशेब राहत नाही. पाण्याची चव बदलली म्हणून त्याने पाणीच सोडलं, तर या उन्हात वेगळंच संकट ओढवेल.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, ‘वाटी भरलेलीच असते’. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

ही पाखरं दाणा अख्खा गिळत नाहीत. चोचीत फिरवून सोलतात, आतला गर खातात आणि फोलपट तिथल्या तिथे वाटीत टाकतात. चार दिवसांत वाटीवर फोलपटांचा थर साचतो. लांबून बघितलं तर वाटी काठोकाठ भरलेली दिसते. आमच्या धुळ्याच्या घरी चिमी होती, निळी, याच जातीची. एका लग्नासाठी आम्ही चार दिवस बाहेर होतो. भाच्याला सांगून ठेवलं होतं, रोज येऊन दाणापाणी बघ. पोरगं रोज आलं, रोज पाणी बदललं, वाटी भरलेली दिसली म्हणून तिला हात लावला नाही. त्याला फोलपटांचं मी सांगितलंच नव्हतं, चूक माझी होती. परत आलो तेव्हा चिमी पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली होती. मी वाटी उचलून हलकी फुंकर मारली. सगळं फोलपट उडालं आणि बुडाला चिकटलेले सात-आठ दाणे उरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. भाचा आता मोठा झालाय, पण आमच्यापैकी कुणीही त्या लग्नाचे फोटो काढून बघत नाही.

म्हणून ताई, हे वाचताक्षणी उठा आणि वाटीवर फुंकर मारा. खाली दाणे असतील तर पाखरू खरंच खात नाही, हे डॉक्टरांना सांगा. नसतील तर ते कित्येक दिवस उपाशी आहे. दोन्ही वेळा दवाखाना टळत नाही, पण डॉक्टरांना कुठून सुरुवात करायची ते कळेल. मुलगा हाताशी आहे, तर रोज सकाळी फुंकर मारून वाटी नव्याने भरायचं काम त्याच्याकडे द्या.

आता मिठूची ओळख. बाजारात ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात, ते बहुतेक वेळा बजेरिगार असतं, म्हणजे बजी. डोक्यावर-पाठीवर बारीक पट्टे, लांब शेपूट आणि चोचीच्या वर नाकपुड्यांचा ठळक मांसल पट्टा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि अंगाने भारी. त्याचा नाकाचा पट्टा असा डोळ्यात भरत नाही. तुम्ही तो पट्टा तपकिरी लिहिलाय म्हणून सांगते, बजीच्या मोठ्या नराचा पट्टा साधारणपणे निळा असतो आणि मादीचा तपकिरी. अंडी घालायच्या दिवसांत मादीचा पट्टा जाड आणि खरखरीत होतो, तो आजार नाही. तुमचा मिठू बहुधा मिठी आहे. पण दोन गोष्टी पडताळून बघा. पट्टा आधी निळा होता आणि आता तपकिरी झालाय का? तसं असेल तर तो नर आहे आणि पोटात गाठ असू शकते. दुसरं, चोचीच्या कडेला, डोळ्यांभोवती मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची पांढुरकी खपली दिसते का? ती किडीची असते आणि डॉक्टरांच्या औषधाने बरी होते. घरचं तेल-हळद लावत बसू नका, पिसं तेलकट झाली की पाखराला अंगाची ऊब सांभाळता येत नाही.

मिठी असेल तर काकूंचं मडकं अजिबात टांगू नका. आपल्याकडे बजीच्या पिंजऱ्यात मडकं लावायची पद्धतच पडून गेली आहे, पण या पाखरासाठी अंधारी पोकळ जागा म्हणजे घरटं. नर नसला तरी मादी अंडी घालते, एकामागून एक घालत सुटते. अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, त्यात संपतो आणि मग एखादं अंडं आत अडकतं. फुगून तळाशी बसणं, शेपटी खालीवर हलवत जोर करणं, ही अंडं अडकल्याचीही खूण असू शकते, तेव्हा हेही डॉक्टरांना आवर्जून विचारा. चुन्यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवून ठेवा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो.

बजीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम भरतं. ३५ ग्रॅम धरलं तर जुन्या मापाने बरोबर तीन तोळे. आपण जळगावच्या सराफात जातो तेव्हा काट्यावरचा एकेक आकडा डोळ्यात तेल घालून बघतो, गुंजभरही इकडेतिकडे झालेलं चालत नाही. या तीन तोळ्यांच्या जिवाला मात्र आपण वर्षानुवर्षं काट्यावर ठेवत नाही. आणि वजन हीच तर एक गोष्ट आहे, जी पाखराला लपवता येत नाही. बाकी ते सगळं लपवतं. थव्यात जे पाखरू आजारी दिसतं त्यावर शिकाऱ्याची नजर आधी पडते, म्हणून अगदी नाइलाज होईपर्यंत ते बरं असल्यासारखंच वागतं. आपल्याला कळतं तेव्हा आजार जुना झालेला असतो. वरून पिसं तशीच गुबगुबीत दिसतात आणि आत छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं वर आलेलं असतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. त्यावर छोटी डबी ठेवून आकडा शून्यावर आणा, डबीत राळ्याचे चार दाणे टाका, पाखरू आपणहून चढेल. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याच्या आधी वजन करा. आजारपणात रोज. मुलाला वहीत तारीख आणि आकडा लिहू द्या. ३५ चे ३१ झाले तर आपल्याला चार ग्रॅम म्हणजे काहीच वाटत नाही, पण त्याच्या अंगाचा तो नववा हिस्सा गेलेला असतो.

खाण्याचं थोडक्यात. नुसत्या राळ्या-बाजरीवर हे पाखरू जगतं, पण आतून खंगत जातं. कोरड्या दाण्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, त्यातून श्वासाचे आजार होतात. आयोडीन कमी पडलं की गळ्याची ग्रंथी सुजते. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे तेलच, त्या एखाद-दुसऱ्या. आपल्या घरातलंच द्या: मेथी, पालक, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, मोड आलेली बाजरी किंवा मूग. केळीच्या मुलखातले आपण, तर हरभऱ्याएवढा केळ्याचा तुकडा आठवड्यातून एक-दोनदा. हिरवी मिरची दिलीत तरी चालेल, तिखटाची आग पाखरांना जाणवतच नाही. पहिले पंधरा दिवस भाजीकडे ते ढुंकूनही बघणार नाही. रोज सकाळी ओल्या मेथीची जुडी पिंजऱ्याच्या छताला टांगत राहा, आधी त्या थेंबांत अंग भिजवेल, मग पान कुरतडेल. भाजी वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा. कापसाच्या-केळीच्या शेताच्या बांधावरून पाला आणू नका, फवारणी कधी झाली ते आपल्याला ठाऊक नसतं. शेव, फरसाण, भाकरीचा मिठाचा तुकडा, चहात बुडवलेलं बिस्किट, चॉकलेट, कांदा-लसूण, ॲव्होकॅडो यातलं काहीही नको.

आपल्या खानदेशात पाखरू पाळणाऱ्याची खरी परीक्षा एप्रिल ते जूनमध्ये होते, म्हणून उन्हाबद्दल सविस्तर लिहिते. पाखराच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. त्याला घाम येत नाही. भुसावळ-जळगावला हवा ४४-४५ वर जाते तेव्हा बाहेरची हवा त्याच्या अंगापेक्षा गरम झालेली असते आणि धापा टाकून घशातला ओलावा उडवणं हाच मुख्य मार्ग त्याच्याकडे उरतो. लोक म्हणतात, हे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं पाखरू, त्याला ऊन काय करणार. त्याच ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात २००९ च्या जानेवारीत पारा ४५ च्या वर गेला, तेव्हा रानातल्या बजी आणि फिंच पाखरांचा हजारोंनी मृत्यू झाला. तिथे त्यांना निदान सावली शोधायला आभाळ मोकळं होतं. आपलं पाखरू आपण टांगलेल्या खिळ्यावरच असतं.

म्हणून पिंजरा गच्चीत नको, पत्र्याखाली नको, पश्चिमेच्या खिडकीत नको. तुमच्या सासूबाईंचं जुनं धाब्याचं घर असेल तर दुपारी त्याच्यासारखी जागा नाही. स्लॅबच्या घरात खालच्या मजल्यावरची आतली खोली निवडा. कूलर लावा, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको आणि खोली बंद करून तर मुळीच नको. बंद खोलीत कूलरने हवा दमट होते, मग धापा टाकूनही घशातला ओलावा उडत नाही आणि त्याची मुख्य सोयच निकामी होते. समोरची खिडकी उघडी हवी, हवा या बाजूने येऊन त्या बाजूने गेली पाहिजे. लाइट गेली तर खिडकीला ओलं गोणपाट लावा. मातीच्या उथळ परळात बोटाच्या पेराएवढं पाणी अंघोळीला ठेवा, पिण्याचं पाणी दिवसातून दोनदा बदला. धापा थांबत नसतील, झोक जात असेल तर पायांवर आणि पंखांखाली साध्या पाण्याचा फवारा मारा. बर्फाचं पाणी नको, बुडवणं नको.

धुराचंही तितक्याच काळजीने बघा. पाखराच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, आत घेतलेल्या हवेतलं चांगलं-वाईट ते आपल्यापेक्षा कितीतरी झपाट्याने शोषतं. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या लेपातून जो वायू निघतो, तो आपल्याला जाणवतही नाही आणि शेजारच्या खोलीतलं पाखरू काही मिनिटांत दगावतं. पिंजरा स्वयंपाकघराजवळ ठेवूच नका. मच्छर अगरबत्ती, धूप, फिनेल, अंगावर मारायचा स्प्रे, सगळं दुसऱ्या खोलीत. आखाजीला खापरावर पुरणपोळ्या होतील, चूल पेटेल, त्या दिवशी पिंजरा आधीच घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवा.

जोडीदाराचं काकूंचं म्हणणं मात्र मला मनापासून पटतं. बजी हे थव्याचं पाखरू, एकटं राहायला ते बनलेलंच नाही. फक्त आत्ता आणू नका. हे पाखरू पूर्ण बरं होऊन वजन स्थिर झालं की आणा. नवीन पाखरू महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, मगच एकमेकांना दाखवा. दोन माद्या भांडतात, कधी रक्त निघेपर्यंत, तेव्हा मादीला नरच बघा. मडकं नसेल तर पिल्लांचा पसारा सहसा वाढत नाही. तोवर तिचा थवा म्हणजे तुम्ही. पिंजरा घरातल्या माणसांच्या नजरेच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला टेकलेली असा ठेवा. आरसा काढून टाका, आरशातल्या पाखराला ती चोचीतून भरवत राहते आणि ते कधीच प्रतिसाद देत नाही, हे बघवत नाही मला. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. हॉलमध्ये अकरापर्यंत टीव्ही चालत असेल तर पिंजरा संध्याकाळी आतल्या खोलीत न्या, उंदराला चढता येणार नाही अशा जागी.

आणि तिला उडू द्या. पहाटे सहाला, हवा गार असताना, खिडक्या बंद करून, पाण्याच्या बादल्या झाकून. छताचा पंखा बंद आहे ना, हे दोनदा बघा, घरातली किती तरी पाखरं पंख्याच्या पात्याने गेली आहेत. पिंजरा आडवा लांब असावा, गोल नको, आणि गजांतलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. दुकानातल्या गुळगुळीत एकसारख्या दांड्यांनी तळपायाला फोड येतात. त्या काढून निंबाच्या किंवा पेरूच्या, कमीजास्त जाडीच्या फांद्या धुऊन लावा. साल सोलण्यात तिचा अख्खा दिवस आनंदात जातो.

आता सासूबाईंचं. त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं मन योग्य ठिकाणी आहे. आमची आजीही पिंजरा बघून म्हणायची, ‘बिचारं पाखरू, त्याले बी जीव शे.’ पण या पाखराला सोडणं म्हणजे मारणंच आहे. १८४० मध्ये इंग्लंडला पहिल्यांदा जिवंत बजी नेली गेली, तेव्हापासून ती पिंजऱ्यातच पिढ्यान्पिढ्या वाढली आहे. इथलं झाड, इथलं पाणी, इथला ससाणा तिला माहीत नाही. आखाजीच्या उन्हात, एवढ्या अशक्त अंगाने, संध्याकाळच्या आत कावळे तिला गाठतील. सासूबाई पितरांसाठी घागर भरतील, तेव्हा गच्चीवर सावलीत एक परळ चिमण्या-साळुंक्यांसाठीही भरून ठेवायला त्यांना सांगा. मुक्या पाखरांची सेवा त्यांच्या हातून खरोखर होईल. फक्त ते परळ आणि मिठीचा पिंजरा यांत अंतर असू द्या, रानपाखरांची शीट तिच्या दाण्यापाण्यात पडायला नको. २००६ मध्ये आपल्याच नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आला होता. त्या धास्तीने घरातलं पाखरू टाकून द्यायचं कारण नाही, पण पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवायचे आणि घरात कुणाला ताप-खोकला लांबला तर डॉक्टरांना घरात पाखरू आहे हे सांगायचं.

राघूच्या पिल्लाला मात्र स्पष्ट नाही म्हणा. आपला राघू, मुनिया, ही इथली रानातली पाखरं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. पकडणं, विकणं, पाळणं सगळं गुन्हा आहे, त्यात कैदेची आणि दंडाची तरतूद आहे. बजी परदेशी आणि पिंजऱ्यातच वाढलेली, म्हणून तिला ही बंदी नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या ढोलीकडे बघा. चोच उघडून बसलेलं पिल्लू काढून आणलं की त्याचे आईबाप संध्याकाळी त्याच झाडाभोवती ओरडत फिरतात. त्या ओळखीच्यांना सांगा, पिल्लू अजून ढोलीत असेल तर हात लावू नका. काढलंच असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून त्यांच्या स्वाधीन करा.

दवाखान्यातून आलात की मुलाच्या वहीत आजची तारीख आणि पहिला आकडा लिहून घ्या. दोन आठवड्यांनी त्या पानाचा फोटो मला पाठवा, मी वाट बघते आहे.